रोगाआधीचे पथ्य

रक्तातील साखर नेहमीपेक्षा वाढलेली, पण मधुमेह म्हणावा इतकी वाढलेली नाही, अशा मधल्या अवस्थेला आजचे वैद्यक मधुमेहपूर्व अवस्था म्हणते, आणि दवाखान्याच्या दारात तीच गोष्ट ‘शुगर बॉर्डरलाइनवर आहे’ अशा शब्दांत सांगितली जाते. या अवस्थेचे निदान करण्याची रीत जेमतेम पन्नास वर्षांची आहे. तिच्यावर जो उपाय सांगितला जातो, म्हणजे बेताचे व विचारपूर्वक खाणे आणि रोजची हालचाल, तो मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत सापडतो. इतक्या जुन्या उपायाला शास्त्रीय कसोटीवर उतरायला विसावे शतक संपत यावे लागले, याचे कारण त्या उपायाच्या गुणात शोधण्यापेक्षा त्याच्या वेळेत शोधावे लागते. पथ्य हे रोग जडल्यावर पाळायचे असते ही समजूत फार खोल रुजलेली होती, आणि ते रोगाच्या आधी आणून ठेवण्यासाठी आधी रोगाची चाहूल मोजता येणे आवश्यक होते. ती मोजता येईपर्यंतच्या काळात माणसाचे ताट आणि माणसाचे पाय या दोहोंची स्थिती पार बदलून गेली होती.

चरक आणि सुश्रुत यांच्या नावाने चालत आलेल्या संहिता एका हातच्या किंवा एका काळच्या नाहीत. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे काही शतके त्यांच्यावर संस्कार होत राहिले. विसाव्या शतकात यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेल्या त्यांच्या आवृत्त्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडल्या, आणि आज अभ्यासकांच्या हाती बहुधा त्याच असतात. या ग्रंथांत ‘प्रमेह’ हा मूत्रविकारांचा एक मोठा गट आहे. त्याचे वीस प्रकार सांगितले असून दहा कफाचे, सहा पित्ताचे आणि चार वाताचे मानले आहेत. मधुमेह हा या शेवटच्या चारांतील एक. प्रमेहाची कारणे सांगताना चरकसंहिता बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, पाणथळ प्रदेशातील प्राण्यांचे मांसरस, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे घेते. गूळ साखरेहून निरुपद्रवी असतो असे मानून चहात गूळ घालणाऱ्या आजच्या मंडळींनी ही यादी एकदा वाचण्यासारखी आहे.

सुश्रुतसंहिता आणखी पुढे जाऊन प्रमेहाचे दोन उगम मानते: एक जन्मासोबत आलेला आणि दुसरा अपथ्यातून, म्हणजे चुकीच्या आहारविहारातून, उद्भवलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश व दुसऱ्या प्रकारचा बहुधा स्थूल असतो, आणि म्हणून दोघांचे उपचारही वेगळे, असा तिचा निर्वाळा आहे. चरकसंहितेतही स्थूल रोग्याचे शोधन करावे व कृश रोग्याचे पोषण करावे असा भेद केलेला आढळतो. आहारात अग्रमान जवाचा. जवाचा भात, जवाचे सातू, जवाचे अपूप असे त्याचे प्रकार सांगितलेले आहेत, आणि त्यांच्या जोडीला कडू व तुरट भाज्या, मूग व जुने धान्य येते.

व्यायामाविषयीचा भाग सर्वांत लक्षणीय आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील अकराव्या अध्यायात उपाय रोग्याच्या ऐपतीप्रमाणे व वृत्तीप्रमाणे वाटून दिलेले आहेत. ज्याच्याजवळ धन नाही आणि ज्याला आप्तही नाहीत त्याने पायात वहाणा न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढत मुनीसारखे शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. योजनेचे माप ग्रंथागणिक बदलते, पण ते कमीत कमी धरले तरी हे अंतर कित्येक शे किलोमीटरांचे होते. श्रीमंताने सावे व नीवार यांसारखी रानधान्ये आणि आवळा, कवठ, टेंभुर्णी यांसारखी फळे खाऊन हरणांच्या सहवासात राहावे; ब्राह्मणाने शेतात सांडलेले कण वेचून निर्वाह करावा; इतरांपैकी कोणी विहीर खणावी. या विधानांत आजचे शरीरशास्त्र वाचण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण प्रमेहाच्या वीस प्रकारांत आज निराळ्या समजल्या जाणाऱ्या कितीतरी व्याधी एकत्र आल्या आहेत. मात्र रोग्याला जीवनक्रम बदलायला सांगताना तो कोण आहे, त्याच्याजवळ काय आहे आणि त्याला काय परवडेल याचा विचार उपचारातच धरायचा असतो, ही जाण त्या अध्यायात स्पष्ट आहे. पुढच्या काळातील पुष्कळशा छापील आहारपत्रकांत ती आढळत नाही.

रोग प्रकट होण्याआधीच्या खुणांनाही, ज्यांना आयुर्वेद पूर्वरूप म्हणतो, या ग्रंथांनी जागा दिली आहे. तोंडाला गोडी येणे, हातापायांची आग होणे व ते बधिर पडणे, तहान लागणे, केसांच्या जटा होणे आणि मूत्राकडे मुंग्या ओढल्या जाणे ही त्यांतली काही. परंतु मुंग्यांची खूण आजच्या ज्ञानाने पाहिली तर ती उशिराची ठरते. मूत्रपिंडे रक्त गाळताना त्यातील साखर परत शोषून घेतात, आणि रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच उरलेली लघवीवाटे बाहेर पडते. मधुमेहपूर्व अवस्थेत उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. म्हणजे लघवी गोड लागण्याच्या कितीतरी अलीकडे ही अवस्था संपलेली असते. मूत्राकडे पाहून रोग ओळखणाऱ्या कोणत्याही वैद्यकाला, मग ते उज्जयिनीचे असो की लंडनचे, ती दिसणे शक्य नव्हते.

युरोपातील वाटचाल थोडक्यात सांगता येते. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने १७७६ मध्ये रोग्याच्या लघवीतील गोड पदार्थ साखरच आहे आणि रक्ताचा पाणीदार अंशही गोड असतो हे दाखवले; १७९७ मध्ये ब्रिटिश लष्करातील वैद्य जॉन रोलोने एका अधिकाऱ्याला मुख्यतः मांसाहारावर ठेवून त्याची लघवीतील साखर घटवल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण मात्र युद्धाने घडवले. १८७०–७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाचा तुटवडा पडला, आणि अपोलिनेर बुशार्दा या वैद्याच्या ध्यानात आले की त्याच्या काही मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाली आहे. कमी खाणे आणि स्नायूंना काम देणे यांवर त्याने आपली उपचारपद्धती उभारली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यू यॉर्कच्या फ्रेडरिक ॲलनने हाच धागा टोकाला नेऊन रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवले, ज्यामुळे काही जण थोडे अधिक जगले आणि काही उपासमारीनेच गेले. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि पथ्याचा हा कठोर अध्याय संपला. इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे द्रव्य रक्तातील साखर पेशींत जाऊ देते. ते बाहेरून देता येऊ लागल्यावर आहार व व्यायाम यांना उपचारात दुय्यम स्थान मिळावे हे स्वाभाविक होते.

हिंदुस्थानात त्या सुमारास मधुमेह हा बैठे काम करणाऱ्या सुखवस्तूंचा रोग समजला जाई. १९०७ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बैठकीत उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली, तेव्हा बंगालमधील वकील, जमीनदार व सरकारी नोकर हे तिच्या केंद्रस्थानी होते. मुंबईत डॉ. शांताराम श्रीनिवास आजगावकरांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि मधुमेहींना आहाराचे शिक्षण देण्याच्या कामाला संघटित रूप आले. त्या पिढीचा साखर मोजण्याचा परिचित मार्ग म्हणजे बेनेडिक्टची चाचणी: निळे द्रावण नळीत घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळी आणायची, साखर असल्यास निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटकरीपर्यंत जाई. ती घरच्या घरी करता येई, हे तिचे मोठेपण. पण तिचा आधार लघवी असल्यामुळे द्रावण निळेच राहिले की माणूस निरोगी ठरत असे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात देशातील निवडक केंद्रांवर मधुमेहाची पाहणी केली आणि त्या केंद्रांत पुणेही होते. चौदा वर्षांवरील लोकांत शहरांमध्ये सुमारे २ टक्के आणि खेड्यांमध्ये सुमारे दीड टक्का मधुमेह आढळला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या पाहणीचे पहिले वर्ष एखाद्या सीमेवरील दगडासारखे आहे, कारण ज्या गोष्टींनी पुढच्या अर्धशतकात येथील खाण्याचा व हालचालीचा ढाचा बदलला त्यांतल्या कित्येक १९७२ च्या आसपास एकवटल्या होत्या.

त्यांतली पहिली दुष्काळाची. १९७२–७३ च्या दुष्काळात दख्खनच्या पठारावरील ज्वारी-बाजरीची पिके गेली, लाखो माणसे खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर आली, त्यांना सुकडी वाटली गेली, आणि रेशनच्या दुकानांत परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळू लागली. त्याआधीच, १९५६ च्या करारानुसार, अमेरिकेचा पीएल-४८० योजनेतील गहू येऊ लागला होता. पुणे परिसरात प्रथम दिसलेले गाजरगवत त्याच गव्हातून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यापाठोपाठ हरितक्रांतीने गव्हाचे व तांदळाचे उत्पादन वाढवले, आणि सरकारी खरेदी व रेशन यांची घडी याच दोन धान्यांभोवती बसली. सोलापूर-मंगळवेढ्याकडील मालदांडी ज्वारी, मावळ-कोकणातील नाचणी व वरी, माणदेशातील बाजरी यांना त्या घडीत फारसे स्थान नव्हते. गव्हाची पोळी, जी बहुसंख्य कुटुंबांत सणावाराची वस्तू होती, ती रोजची झाली, आणि भाकरी हळूहळू गरिबीची खूण ठरत गेली. भाकरी थापायला कसब लागते, ज्वारी काढायला कष्ट पडतात व तिला भाव मिळत नाही, ही कारणेही त्यात आहेत. निव्वळ ऐपत वाढल्यामुळे चव बदलली असे म्हणणे अपुरे होईल.

दुसरी गोष्ट साखरेची. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केले आणि त्याच्या यशानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. या चळवळीने शाळा, दवाखाने, रस्ते आणि राजकीय नेतृत्व दिले. तिच्याकडे केवळ साखरेच्या पोत्यांच्या नजरेने पाहणे अन्यायाचे ठरेल. तरीही एवढे नोंदवले पाहिजे की ज्या पाण्याने ऊस वाढला त्या पाण्याखाली येऊ शकणारी इतर पिके मागे पडली, आणि साखर ही क्वचित मिळणारी चैन न राहता रेशनकार्डावर मोजून मिळणारा हक्क झाली. चहाच्या कपाने तिला दिवसातून चार वेळा घराघरांत नेले.

तिसरी गोष्ट पायांची. पुणे हे त्या काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. कारखान्यांची पाळी सुटली की रस्ते सायकलींनी भरून जात. १९७२ मध्येच बजाजची चेतक स्कूटर आणि कायनेटिकची लूना बाजारात आल्या, आणि कारकून, शिक्षक व कामगार यांच्या आवाक्यात पेट्रोलवरचे चाक आले. हीच माणसे त्याआधी दररोज पाच-दहा किलोमीटर पॅडल मारत होती. या बदलाची नोंद कोणत्याही आरोग्यखात्याने त्या वेळी केली नाही, कारण त्यात आरोग्याचा काही संबंध आहे असे कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. स्कूटर ही प्रगती होती, आणि होतीच. विहिरीवरून पाणी शेंदणे, जात्यावर दळणे, उखळात कांडणे ही कामेही याच दोन-तीन दशकांत नळ, गिरणी व मिक्सर यांच्याकडे गेली. बायकांच्या पाठीवरचे ओझे त्यामुळे उतरले. ते परत चढवावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मात्र जेवढे जेवण त्या श्रमांसाठी लागत होते तेवढेच ताटात राहिले, आणि त्यातही तळलेल्या व मैद्याच्या पदार्थांची भर पडत गेली.

इकडे हे घडत असताना तिकडे वैद्यकाने मधल्या अवस्थेची व्याख्या बांधली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९६५ मध्ये मधुमेहपूर्व ही संज्ञा वापरली होती, पण ती मागे वळून पाहण्यापुरती, म्हणजे एखाद्याला मधुमेह झाल्यानंतर त्याच्या आधीच्या काळाला उद्देशून. १९७९–८० मध्ये अमेरिकी तज्ज्ञगट व जागतिक आरोग्य संघटना यांनी ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासण्याची पद्धत एकसारखी केली आणि ज्यांची साखर त्या वेळी १४० ते १९९ च्या दरम्यान असेल त्यांचा वेगळा गट मानला. १९९७ मध्ये अमेरिकी मधुमेह संघटनेने उपाशीपोटीच्या साखरेवरून आणखी एक गट ठरवला, त्याची खालची मर्यादा ११० होती; २००३ मध्ये ती १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने ११० चीच मर्यादा कायम ठेवली, त्यामुळे १०५ साखर असलेला एकच माणूस एका संस्थेच्या लेखी मधुमेहपूर्व अवस्थेत व दुसरीच्या लेखी निरोगी असतो. २०१० पासून अमेरिकी निकषांत एचबीए१सी ही चाचणीही आली. रक्तातील हिमोग्लोबिनला साखर किती चिकटली आहे यावरून ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि ५.७ ते ६.४ टक्के हा मधला पट्टा मानला जातो. मर्यादा खाली आणल्याने एका रात्रीत कोट्यवधी माणसे रोगाच्या उंबरठ्यावर जाऊन बसतात, हा आक्षेप या निकषांवर घेतला गेला आणि तो निराधार नाही.

या पट्ट्यातील माणसांना पथ्य दिल्यास मधुमेह खरोखर टळतो का, या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर चीनमधून आले. ईशान्येकडील हेइलोंगजियांग प्रांतात दाचिंग नावाचे तेलनगर आहे. १९५९ मध्ये तेथे तेल सापडले आणि शहर त्याभोवती वाढले. तेल कंपनीचे कामगार व त्यांची कुटुंबे ठरलेल्या दवाखान्यांत जात असल्यामुळे वर्षानुवर्षे माणसांचा माग ठेवणे सोपे होते. १९८६ मध्ये तेथील ३३ दवाखान्यांतून १,१०,६६० लोकांची तपासणी करून मधल्या अवस्थेतील ५७७ जण निवडले गेले आणि चिठ्ठी माणसामाणसावर न टाकता दवाखान्यांवर टाकली गेली: काही दवाखान्यांत फक्त आहाराचा सल्ला, काहींत फक्त व्यायामाचा, काहींत दोन्ही, आणि उरलेल्यांत नेहमीची साधारण माहिती. व्यायामाचे माप कामगारांना सहज कळेल असे होते. रोज किमान एक एकक हालचाल वाढवायची, आणि एक एकक म्हणजे ३० मिनिटे सावकाश चालणे, किंवा २० मिनिटे झपाझप चालणे, किंवा १० मिनिटे जिने चढण्यासारखे श्रम, किंवा ५ मिनिटे दोरीवरच्या उड्या. स्थूल माणसांना महिन्याला अर्धा ते एक किलो या धिम्या गतीने वजन उतरवण्यास सांगितले होते. सडपातळांना वजन घटवण्यास सांगितलेले नव्हते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा वर्षांत साधारण माहिती मिळालेल्या गटातील ६७.७ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहाराच्या गटात ४३.८, व्यायामाच्या गटात ४१.१ आणि दोन्हींच्या गटात ४६ टक्क्यांना. पुढे तीस वर्षांनी याच लोकांचा हिशेब घेतला तेव्हा पथ्य मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षे पुढे ढकलला गेला होता आणि त्यांचे आयुर्मान जवळजवळ दीड वर्षाने वाढले होते. प्रयोग सहा वर्षांनी थांबला होता, परिणाम मात्र थांबला नव्हता.

फिनलंडमधील ५२२ जणांच्या आणि अमेरिकेतील ३,२३४ जणांच्या प्रयोगांनी २००१ व २००२ मध्ये हाच निष्कर्ष अधिक काटेकोरपणे मांडला. दोन्हीकडे मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. अमेरिकी प्रयोगात ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल एवढेच लक्ष्य होते, व त्याच प्रयोगात मेटफॉर्मिन या गोळीने धोका ३१ टक्क्यांनीच कमी झाला. फिनलंडच्या प्रयोगात ठरवलेल्या पाच लक्ष्यांपैकी चार किंवा अधिक ज्यांनी गाठली त्यांपैकी कोणालाही त्या काळात मधुमेह झाला नाही.

भारतीय माणसाला हे लागू पडेल का ही शंका रास्त होती, कारण येथील माणूस युरोपीय मापाने जाड नसतानाही मधुमेही होतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सल्ल्याविना असलेल्या गटातील ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार व चालण्याचा सल्ला वारंवार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होते, मेटफॉर्मिनच्या गटात ४०.५ आणि दोन्ही मिळालेल्यांत ३९.५. दोन गोष्टी यातून निघतात. भारतातील मधली अवस्था मधुमेहाकडे अमेरिकेपेक्षा कितीतरी वेगाने सरकते, आणि वजन फारसे न उतरताही पथ्याचा लाभ होतो.

यातील पहिल्या गोष्टीचा उलगडा करण्याचे मोठे काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवणारा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पण पुण्याकडची बाळे स्नायूंत व अवयवांत जितकी कमी होती तितकी चरबीत कमी नव्हती. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली: उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. स्नायू ही रक्तातील साखर वापरणारी सर्वांत मोठी जागा असल्यामुळे, दिसायला सडपातळ असलेल्या अशा शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. आईच्या कुपोषणापासून सुरू होणारी ही साखळी लक्षात घेतली तर सारा दोष चाळिशीतल्या माणसाच्या जिभेवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

महाराष्ट्रातील घरगुती परंपरेत या पथ्याचे काही तुकडे शिल्लक होतेच. जेवणानंतरची शतपावली त्यांतली एक. २०१३ मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या मोजक्या लोकांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर सकाळच्या सलग ४५ मिनिटांच्या चालण्यापेक्षा अधिक उतरली, कारण स्नायू नेमके त्याच वेळी साखर ओढून घेतात. भाकरीचे पुनरागमन हा दुसरा तुकडा. पण त्याविषयी बोलताना तोल सुटतो. ज्वारीतही पिष्टच असते, आणि चार भाकऱ्या खाऊन खुर्चीत बसणाऱ्याची साखर भाकरी गावरान आहे म्हणून उतरत नाही. जुन्या ताटात भाकरीबरोबर पालेभाजी, डाळ, ठेचा, कांदा होता आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दिवसभराचे रान होते. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रचारलेली, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून सुचलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत मराठी घरांत वणव्यासारखी पसरली आणि तिच्यावर तितकाच जोरदार वादही झाला. आहारशास्त्राच्या दृष्टीने तिचे मूल्यमापन कसेही होवो, रोग होण्याआधी स्वतःहून पथ्य धरणारा मोठा मराठी समाज या निमित्ताने प्रथमच दिसला, एवढी नोंद इतिहासाने घेतली पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र असा बदल डॉक्टरांच्या देखरेखीवाचून करू नये, कारण जेवण कमी आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

संशोधन परिषदेच्या पुढाकाराने २००८ ते २०२० या काळात झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचे एकत्रित निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेत होते. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. याच सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के तर मधल्या अवस्थेचे १२.८ टक्के निघाले होते, म्हणजे वाटेवर असलेल्यांची संख्या पोहोचलेल्यांपेक्षा जास्त होती. दाचिंगपासून चेन्नईपर्यंतच्या प्रयोगांत पथ्य यशस्वी झाले ते छापील पत्रक हाती दिल्यामुळे नव्हे. तोच सल्ला देणारे कोणीतरी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भेटत किंवा फोन करत राहिले म्हणून. रेशनच्या दुकानात ज्वारी-नाचणी, रस्त्याच्या कडेला चालण्याजोगी जागा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात असा सल्ला देणारा माणूस या तीन गोष्टींची जबाबदारी एकट्या रोग्यावर टाकता येणार नाही. चेन्नईच्या प्रयोगाचा हिशेब असा होता की सुमारे साडेसहा जणांना तीन वर्षे असा सल्ला मिळत राहिला, तर त्यांपैकी एकाचा मधुमेह तेवढ्या काळापुरता टळतो.